काचेच्या हौदांतील प्रवाळें

पोवळें आपल्या घरांत कोणास ठाऊक नाहीं? नवरत्नांत त्यास मान आहे. मंगळासाठीं तें अंगठींत बसवितात. परंतु काचेच्या हौदांत रंगीत प्रवाळें जिवंत पाळण्याचा जो छंद युरोप-अमेरिकेंत फैलावला आहे, त्यांतील प्रवाळें निराळीं. तीं पाषाणप्रवाळें; पूर्वापार भूमध्य समुद्रांतून येणारें आपलें पोवळें हें त्यांचें दूरचें नातलग होय.

प्रवाळ हा दगड नव्हे, कीं वनस्पतिही नव्हे. चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत असून, समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन ते आपलें घर बांधीत असतात. त्यांच्या देहांत सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून राहतें. शैवालानें सूर्यप्रकाशांत अन्न सिद्ध करून यजमानास द्यावें आणि यजमानानें त्यास आसरा द्यावा, असा हा एकत्र संसार आहे. तपकिरी छटा शैवालाची. हिरवे, जांभळे, गुलाबी रंग बहुधा प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे. त्यांपैकीं कांहीं निळ्या उजेडांत चमकतात, म्हणून हौशी लोक हौदावर निळे दिवे लावतात.

हा संसार राखणें सोपें नाहीं. पाणी सुमारें २५ अंश सेंटिग्रेड, क्षार हजारीं ३५ भाग, कॅल्शियम दर लिटरास ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, शिवाय अखंड प्रवाह व प्रखर प्रकाश हवा. उष्मा वाढला कीं शैवाल निघून जातें, प्रवाळ पांढरें पडतें आणि ही स्थिति लांबल्यास मरतें. १९९८ व २०१६ सालीं जगांतील अनेक समुद्रांत हेंच घडलें.

आधींच पीडित अशा समुद्रांतून घरच्या शोभेसाठीं प्रवाळ उपटावें काय? सुदैवानें त्याची फांदी तोडून दगडास चिकटविली कीं नवी वसाहत वाढूं लागते. परदेशीं असलेल्या आमच्या वाचकांस हा छंद करावयाचा असेल, तर असे वाढविलेले तुकडेच त्यांनीं घ्यावे.

भारतांत मात्र सर्व पाषाणप्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीस, स्थान आहे. तीं समुद्रांतून काढणें वा विकणें हा गुन्हा होय. मुलांना प्रवाळ दाखवावयाचें असेल तर मालवणास न्यावें. तेथील समुद्रांत तें जिवंत आहे. पाहावें, पण त्यावर पाय ठेवूं नये व हातही लावूं नये. दुरून घेतलेल्या या दर्शनांत घरच्या हौदाहून उणें कांहीं आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.