हौशी उड्डाण, लेखांक ७ : घरची माणसे विमानात बसतात तेव्हा

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना वयाच्या १७व्या वर्षापासून मिळू शकतो आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे किमान ४० तासांचे उड्डाण लागते. शिकाऊ वैमानिकाला एकट्याने उडण्याची परवानगी मिळाली, तरी प्रवासी नेता येत नाहीत. परवाना हाती आला की मात्र दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला, बायकोला किंवा मित्राला शेजारी बसवून उडायला कायद्याची हरकत नसते. गेल्या ९० दिवसांत त्याच वर्गातल्या विमानाने तीनदा उड्डाण करून तीनदा उतरलेले असणे, ही त्यातली मुख्य अट. रात्री प्रवासी न्यायचे तर ही तीन उड्डाणे आणि अवतरणे अंधारातच झालेली हवीत आणि प्रत्येक वेळी विमान धावपट्टीवर पूर्ण थांबलेले हवे. एकट्याने उडणाऱ्याला ही अट नाही. सराव सुटलेल्या माणसाने स्वतःचा जीव धोक्यात घालणे कायदा एक वेळ चालवून घेतो, दुसऱ्याचा नाही.

दुसरे बंधन पैशांचे आहे. खासगी वैमानिकाला प्रवाशांकडून भाडे घेता येत नाही. खर्च मात्र वाटून घेता येतो. इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचे भाडे एवढ्याच बाबी त्यात येतात, आणि वैमानिकाने आपल्या वाट्यापेक्षा कमी भरायचे नाही. चौघांच्या फेरीला २४० डॉलर खर्च आला, तर निदान ६० डॉलर वैमानिकाच्या खिशातून गेले पाहिजेत. शिवाय त्या ठिकाणी जाण्याचे त्याचे स्वतःचेही काही कारण असावे लागते. संकेतस्थळावरून अनोळखी सहप्रवासी जमवण्याचा ‘फ्लायटेनाउ’ या कंपनीचा प्रयत्न २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने याच नियमांवर बोट ठेवून थांबवला. युरोपात अशा सेवा चालतात. ओळखीच्यांपुरता हिशेब सोपा असतो आणि त्यावरून कुरबुर झालीच, तर ती घरातल्या घरात मिटते.

वजनाचे तसे नाही. तिथे अंकगणितच शेवटचा शब्द असते आणि नवखा वैमानिक सर्वांत आधी अडतो तोही इथेच. सेस्ना १७२ हे जगातले सर्वाधिक बनलेले विमान. १९५६ पासून आजवर ४४,००० हून अधिक बाहेर पडली. त्याच्या ‘एस’ प्रकारात चार आसने असतात आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ११५७ किलो ठरलेले असते. रिकामे विमान साधारण ७६० किलोचे धरले, तर माणसे, सामान आणि इंधन मिळून ३९७ किलो उरतात. टाक्या पूर्ण भरल्या, तर वापरता येण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर, म्हणजे १४४ किलो होते. राहिले २५३ किलो. ऐंशी-ऐंशी किलोची चार माणसे ३२० किलो भरतात. म्हणजे आसने चार असली, तरी चार मोठी माणसे आणि भरलेल्या टाक्या हे गणित जमत नाही. इंधन निम्मे केले तर माणसे बसतात, पण पिशव्या खालीच राहतात. ताशी ३५ लिटरच्या आसपास खर्च धरता शंभर लिटरमध्ये पावणेतीन तास निघतात. त्यातला अर्धा तास दिवसाच्या उड्डाणासाठी राखीव ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, रात्री पाऊण तास.

या गणिताला प्रत्येकाचे खरे वजन लागते आणि ते विचारणे हा नाजूक मामला असतो. विचारलेले वजन बहुधा पाच-सात किलोंनी कमीच सांगितले जाते. वर कपडे, बूट, कॅमेरा आणि खाऊच्या डब्यांची पिशवी असते ती वेगळीच. म्हणून अनुभवी वैमानिक विचारत बसत नाहीत. प्रत्येकाला सामानासकट काट्यावर उभे करतात आणि आकडा मोठ्याने न वाचता वहीत टिपतात. भारतातून मुलीकडे मुक्कामाला आलेल्या सासूबाईंना काट्यावर चढवायला जावयाला संकोच वाटणारच, पण धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या झाडांना तो संकोच कळत नाही.

एकूण वजन बसले की ते कुठे बसले हे पाहायचे. मागच्या आसनांवर धिप्पाड माणसे आणि त्यांच्यामागे जड बॅगा, अशी रचना झाली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. विमानाचे नाक सहज वर येऊ लागते. वेग कमी पडून पंखांची उचल सुटली, तर नाक खाली आणणे अवघड होते. म्हणून जड माणूस पुढे, हलका मागे. कोणी कोणाशेजारी बसायचे हे ठरवण्यात नात्यांना फारसा वाव राहत नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी, त्यातही उंचावरच्या विमानतळावर, हवा विरळ असते. इंजिनाची ताकद, प्रोपेलरची ओढ आणि पंखांची उचल ही तिन्ही घटतात. सकाळी एकट्याला घेऊन चटकन उठलेले विमान दुपारी तिघांना घेऊन धावपट्टीचा बराच मोठा भाग खाते.

पहिल्या फेरीसाठी सकाळची वेळ निवडतात ती मात्र पोटासाठी. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर उठतात आणि हलके विमान हिंदकळत राहते. कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते; मोबाइलमध्ये खुपसलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. उपाय साधे आहेत: पुढचे आसन, क्षितिजावर नजर, तोंडावर गार हवेचा झोत, आधी हलके खाणे आणि हाताशी कागदी पिशवी. पिशवी कुठे आहे ते आधीच दाखवून ठेवावे. घाम फुटल्यावर ती शोधायला वेळ नसतो. उतरताना मिनिटाला पाचशे फुटांपेक्षा वेगाने खाली येऊ नये, कान दुखतात. तान्ह्या बाळाला त्या वेळी दूध पाजत राहिले की गिळताना कानातला दाब आपोआप जुळतो. सर्दी झालेल्याला मात्र त्या दिवशी जमिनीवरच ठेवलेले बरे.

उड्डाणाआधी पट्टे कसे लावायचे आणि कसे सोडायचे हे प्रवाशांना समजावणे वैमानिकावर बंधनकारक आहे. सांगण्यापेक्षा प्रत्येकाकडून एकदा करून घेणे चांगले. दार कसे उघडते हेही हाताने उघडून पाहू द्यावे: पायपर चेरोकीसारख्या विमानाला एकच दार असते, उजव्या पंखावर उघडणारे, आणि अडचणीच्या वेळी सगळ्यांना तिथूनच बाहेर पडायचे असते. नीट न लागलेले दार हवेत उघडले, तर आवाज भयंकर होतो, पण विमान सहसा व्यवस्थित उडत राहते. घाबरलेला प्रवासी वैमानिकाचा हात धरतो, धोका तो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी कोणी बोलायचे नाही, ही सूचनाही इथेच द्यावी. अपवाद एकच: दुसरे विमान दिसले तर लगेच दाखवायचे. मुलांना हे काम दिले की ती हरखून जातात आणि त्यांची नजर बहुतेकदा मोठ्यांपेक्षा तेज निघते.

हवेत गेल्यावर वैमानिकाला मोह होतो तो कसब दाखवण्याचा. दाट वस्तीवर, सभोवतालच्या ६०० मीटरमधल्या सर्वांत उंच वस्तूच्या ३०० मीटर वर राहावे लागते. घराच्या गच्चीवरून सूर मारून हात हलवणे त्यात बसत नाही. प्रवासी असताना, सगळ्यांनी पॅराशूट घातलेले नसेल, तर ६० अंशांहून अधिक कलून वळण्यास मनाई आहे. खरे तर ३० अंशांचे वळणही पहिल्यांदा बसलेल्याला भरपूर होते.

या सगळ्यांपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे नाही म्हणणे. प्रवाशांनी रजा घेतलेली असते, दुसऱ्या टोकाला कोणीतरी जेवणासाठी थांबलेले असते आणि ढग खाली उतरत असतात. वैमानिकांच्या प्रशिक्षणात या बाहेरच्या दबावाला स्वतंत्र धोका मानले जाते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव धाकटे जॉन केनेडी १६ जुलै १९९९ च्या रात्री पत्नी कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन यांना घेऊन न्यू जर्सीहून पायपर साराटोगा विमानाने निघाले. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडून पुढे चुलत बहिणीच्या लग्नाला जायचे होते. त्यांच्या गाठी तीनशेच्या आसपास तासांचा अनुभव होता, पण केवळ उपकरणांवर उडण्याची पात्रता नव्हती. समुद्रावर अंधार आणि धुरकट हवा होती, क्षितिज दिसत नव्हते. विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. चौकशीत कारण नोंदले गेले ते दिशाभ्रमाचे. लग्नाची घाई अहवालात कारण म्हणून येत नाही. तरीही निघण्याच्या निर्णयाचा विचार करताना वैमानिक या अपघाताकडे पुन्हा पुन्हा वळतात. यावरचा व्यवहारी तोडगा म्हणजे निमंत्रण देतानाच ‘हवा चांगली असेल तर’ असे म्हणून ठेवणे आणि मोटारीने जाण्याची तयारी आधीच करणे. पर्याय हाताशी असला की नकार देणे हलके होते.

उलट बाजूचीही एक भीती असते: वैमानिकालाच काही झाले तर? मे २०२२ मध्ये फ्लोरिडात सेस्ना कॅराव्हॅन विमानाचा वैमानिक हवेत अत्यवस्थ झाला आणि उडवण्याचा काहीही अनुभव नसलेल्या प्रवाशाने नियंत्रकाच्या सूचना ऐकत विमान पाम बीचला सुखरूप उतरवले. नेहमी शेजारी बसणाऱ्या जोडीदाराने निदान तीन गोष्टी शिकाव्यात: विमान सरळ आणि समतल ठेवणे, रेडिओचे बटण दाबून बोलणे आणि १२१.५ ही आणीबाणीची वारंवारता लावणे. विमानमालक आणि वैमानिकांच्या ‘एओपीए’ या संघटनेने अशा जोडीदारांसाठी ‘पिंच-हिटर’ नावाचा अभ्यासक्रमच तयार केला.

उतरल्यावर विमान जागेवर उभे राहिले, तरी इंजिन बंद होऊन प्रोपेलर पूर्ण थांबेपर्यंत कोणी पट्टा सोडायचा नाही. फिरणारा प्रोपेलर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. सेस्नातून उतरलेल्याने पंखाच्या आधाराच्या दांड्यामागून शेपटीकडे जायचे, पुढच्या बाजूने नाही. मुलांचा हात मोठ्या माणसाने आतच धरून ठेवायचा आणि स्वागताला आलेल्यांना कुंपणापलीकडेच थांबायला आधी सांगून ठेवायचे.

(पुढील लेखांकात : हवामानाचा अंदाज कसा वाचावा)