बक कन्व्हर्टरचे आउटपुट कमी का येते?

तंजावरच्या आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक तक्रार हमखास येते: "सर, लोड नसताना ४.९ व्होल्ट दिसतात, २ अँपिअरचा लोड जोडला की चारच्याही खाली जातात." मग कोणीतरी फीडबॅकचा प्रीसेट फिरवू लागतो. हे कधीही करू नका. लोड काढताच आउटपुट सहा-सात व्होल्टवर जाऊ शकते आणि पुढचा मायक्रोकंट्रोलर जळतो.

उदाहरणादाखल एलएम२५९६ हा अ‍ॅडजस्टेबल आयसी घेऊ. इनपुट १२ व्होल्ट, संदर्भ व्होल्टेज १.२३ व्होल्ट. फीडबॅक ते ग्राउंड आर१ = १ किलो-ओहम, आउटपुट ते फीडबॅक आर२ = ३ किलो-ओहम.

आउटपुट = १.२३ × (१ + आर२/आर१) = ४.९२ व्होल्ट

लोड जोडलेला ठेवूनच पिन ४ (फीडबॅक) आणि पिन ३ (ग्राउंड) यांच्यामधील व्होल्टेज मोजा.

अ) १.२३ व्होल्ट मिळाले, तर आयसी आपले काम चोख करतो आहे. आता आउटपुट कपॅसिटरवर मोजा. तिथे ४.९२ असून लोडपाशी ४.५ असतील, तर २ अँपिअरला ०.४२ व्होल्ट वायरीत पडले. म्हणजे रोध ०.२१ ओहम. ब्रेडबोर्ड आणि बारीक वायरी काढून टाका. कपॅसिटरवरच कमी असेल, तर आर१, आर२ तपासा; हा दोष लोड नसतानाही दिसतो.

आ) १.२३ पेक्षा कमी मिळाले, तर आयसी जास्त मागतो आहे, पण पॉवरचा भाग देऊ शकत नाही. क्रमाने पाहा:

१. इनपुट: पिन १ वरच मोजा. आउटपुट सुमारे १० वॅट; कार्यक्षमता ८०% धरली तर इनपुटला १२.५ वॅट, म्हणजे १ अँपिअरपेक्षा थोडे जास्त लागतात. १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर इथेच बसतो.

२. इंडक्टर: ३३ मायक्रोहेन्रीला रिपल सुमारे ०.६ अँपिअर, म्हणून शिखर प्रवाह २.३ अँपिअर. १ अँपिअरचा इंडक्टर संपृक्त होतो, प्रवाह एकदम चढतो आणि आयसीची प्रवाहमर्यादा आउटपुट खाली आणते.

३. डायोड: १५० किलोहर्ट्झला १एन४००७ मंद पडतो, तापतो. १एन५८२२ हा शॉट्की डायोड वापरा.

स्वाध्याय: आर२ च्या जागी चुकून २.२ किलो-ओहम बसला, तर आउटपुट किती येईल? फीडबॅक पिनवर किती दिसेल?
(उत्तर: ३.९४ व्होल्ट, १.२३ व्होल्ट)