गोखरू, बस्ती आणि वाजीकरण

मुतखड्यासाठी शस्त्र हाती घ्यायचं असेल, तर वैद्याने आधी राजाची परवानगी घ्यावी, असं सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितलं आहे. कारणही तिथेच दिलं आहे. शस्त्रकर्म केलं नाही तर रोगी दगावणार हे नक्की, आणि केलं तरी तो वाचेलच याची खात्री नाही. निष्णात वैद्याच्या हातूनही अपयश येतं. म्हणून आधी औषधी तुपं, काढे, क्षार आणि उत्तरबस्ती, म्हणजे मूत्रमार्गातून आत सोडलेलं औषध. शस्त्र सगळ्यात शेवटी.

पुढचं वर्णन प्रत्यक्ष शस्त्रकर्म पाहिलेल्या माणसाचं वाटतं. रोग्याला गुडघ्याइतक्या उंच फळीवर, दुसऱ्या एका धडधाकट माणसाच्या मांडीवर कंबर उचलून निजवायचं. गुडघे आणि कोपरं कापडाने बांधायची. बेंबीच्या डाव्या बाजूला तेल चोळून मुठीने खाली दाबत खडा उतरवायचा. मग नखं कापलेली, तेल लावलेली डाव्या हाताची दोन बोटं गुदातून घालून खडा गुद आणि शिश्न यांच्यामध्ये गाठीसारखा वर येईपर्यंत पुढे आणायचा. शिवणीच्या डावीकडे, जवाच्या दाण्याएवढं अंतर सोडून, खड्याच्या मापाचा छेद घ्यायचा. टोकाला वाकलेल्या यंत्राने खडा अख्खा काढायचा, कारण चुरा मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो. खडा पकडताना रोग्याचे डोळे थिजले, शुद्ध हरपली, तर तिथेच थांबायचं. नंतर त्याला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवायचं.

हे एवढं विस्ताराने लिहिलं, कारण पुरुषांच्या या दुखण्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर आयुर्वेद येतो तो एस.टी. स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या पत्रकाच्या आणि हायवेच्या कडेला तंबूत मांडलेल्या मुळ्यांच्या बरण्यांच्या रूपात. ज्या शास्त्राचं नाव त्या पत्रकावर छापलेलं असतं, त्या शास्त्रात जोखमीची स्पष्ट कबुली आहे, साध्य-असाध्याचा विचार आहे, कुठे थांबायचं याची सूचना आहे. पत्रकावर यांतलं काहीच नसतं.

शरीरातल्या एकशे सात मर्मांपैकी शिर, हृदय आणि बस्ती ही तीन चरकाने प्रधान मानली. बस्ती म्हणजे मूत्राशय. डोकं आणि काळीज यांच्या पंक्तीला त्याने मूत्राशय बसवलं, यावरूनच त्याचं महत्त्व कळावं. लघवीच्या तक्रारींचे दोन मोठे गट संहितांत आहेत. मूत्रकृच्छ्रात लघवी होते, पण दुखत, जळजळत, थेंब थेंब. चरकाने त्याचे आठ प्रकार केले. मूत्राघातात मुख्य तक्रार अडण्याची. सुश्रुताने त्याचे बारा प्रकार सांगितले, चरकाच्या सिद्धिस्थानात ते तेरा आहेत. ही वर्गवारी पाठांतरापुरती नाही. मूत्रातीत नावाच्या प्रकाराचं वर्णन असं, की लघवी बराच वेळ दाबून ठेवली तर पुढे ती पटकन होत नाही, कुंथावं लागतं, हळूहळू थोडी थोडी येते. ट्रक चालवणारे, सिग्नलवर उभे राहणारे हवालदार यांना हा अनुभव नवा नाही. दाबून ठेवू नयेत अशा तेरा वेगांत चरकाने लघवीचा वेग धरला आहे, आणि तो दाबला तर बस्तीत व शिश्नात वेदना, डोकेदुखी, वाकायला लावणारी कळ येते असं बजावलं आहे.

उष्णवात हा दुसरा प्रकार मराठी घरांना चांगला ओळखीचा. अति श्रम, उन्हातली पायपीट, मग जळजळीत, पिवळी, कधी लालसर लघवी. आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो. वैशाखात मराठवाड्या-विदर्भात आजी लगेच धने-जिरे रात्रभर भिजवून सकाळी ते पाणी गाळून देते, सब्जा भिजत घालते, माठात वाळ्याची जुडी सोडते. शरीरात पाणी कमी पडल्याने होणारी साधी जळजळ याने शमते, आणि त्यात गैर काही नाही. पण पुरुषाला थंडी वाजून ताप आला, पाठीत एका बाजूला दुखू लागलं, किंवा लालसर रंग खरोखर रक्ताचा असला, तर धन्याचं पाणी पुरणार नाही. पुरुषांत मूत्रमार्गाचा संसर्ग बायकांपेक्षा बराच कमी होतो. म्हणूनच झाला तर त्यामागे खडा, प्रोस्टेट किंवा मधुमेह आहे का, हे शोधावं लागतं.

आता गोखरू. महाराष्ट्राच्या माळरानावर ज्याला आपण सराटा म्हणतो, तोच हा. जमिनीसरपट पसरलेली वेल, पाच पाकळ्यांची पिवळी फुलं, आणि पाच भागांत फुटणारं कठीण फळ. फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतोच. अनवाणी गुराख्याच्या टाचेत आणि सायकलच्या टायरमध्ये तो हमखास घुसतो. मूत्रकृच्छ्र आणि वात हरणाऱ्या द्रव्यांत गोखरू श्रेष्ठ, असं चरकाने सूत्रस्थानातल्या श्रेष्ठ द्रव्यांच्या यादीत म्हटलं आहे. दशमुळांतही तो आहे. भरड चूर्ण पाण्यात मंद आचेवर आटवून केलेला काढा, दुधात शिजवलेला क्षीरपाक, शार्ङ्गधराने सांगितलेला गोक्षुरादि गुग्गुळ, ही त्याची नेहमीची रूपं. सोबतीला पुनर्नवा, दर्भ-काश-ऊस अशी तृणपंचमुळं आणि वायवर्ण्याची साल. या वायवर्ण्याच्या कोवळ्या पानांची भाजी कोकणात आजही होते.

याच सराट्याचं चूर्ण आज व्यायामशाळांत ‘टेस्टोस्टेरॉन वाढवणारं’ म्हणून डब्यांतून विकलं जातं. बल्गेरियात त्याच्या अर्काचं औषध काही दशकांपासून आहे, आणि २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८० पुरुषांवरच्या चाचणीत ताठरतेच्या तक्रारीत नकली गोळीपेक्षा सुधारणा दिसली. पण २००५मध्ये २१ निरोगी तरुणांवर झालेल्या अभ्यासात टेस्टोस्टेरॉन मुळीच वाढलं नाही. माझं मत असं, की चरकाने ज्या कामासाठी त्याला पहिला मान दिला ते लघवीचं काम सोडून त्याला दंडाचे स्नायू फुगवायला लावणं, हे शास्त्रालाही धरून नाही आणि प्रयोगालाही.

प्रोस्टेटचं आजच्यासारखं वर्णन संहितांत नाही. मात्र वाताष्ठीला या प्रकारात गुदमार्ग आणि बस्ती यांच्या मधे दगडासारखी घट्ट, न हलणारी, उंचावलेली गाठ सांगितली आहे. तिच्यामुळे लघवी-शौच अडतं, बस्ती फुगते. आजचे वैद्य वाढलेल्या प्रोस्टेटची सांगड याच वर्णनाशी घालतात आणि वरुणादि काढा, कांचनार गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी, बस्तीचिकित्सा (इथे बस्ती म्हणजे औषधी एनिमा) यांची योजना करतात. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत ही ग्रंथी वाढलेली असते. रात्री तीन-चारदा उठणं, धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, झाल्यावरही थेंब गळणं, ही तिची लक्षणं. सौम्य त्रासात आहार, रात्रीचं पाणी आणि चहा आवरणं, मलावष्टंभ मोडणं आणि वैद्याच्या देखरेखीखालचं औषध यांना जागा आहे. पण वाढ साधी आहे की कर्करोगाची, हे नाडीवरून ठरवू नये. त्यासाठी गुदातून बोटाने तपासणी, सोनोग्राफी आणि पीएसएची रक्ततपासणी आहे. सुश्रुताने बोट घालून खडा चाचपला. त्याच्या परंपरेतल्या वैद्याने या तपासणीला नाक मुरडण्याचं कारण नाही.

वाजीकरण, म्हणजे लैंगिक शक्ती वाढवण्याची चिकित्सा, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी स्वतंत्र अंग. चरकाच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा वाजीकरणाचा, चार पादांचा. तिथे दूध, तूप, उडीद, साळीचा भात, खाजकुइलीचं बी आहे. पण त्याआधी शरीरशुद्धी आहे, संयमी माणसालाच हे द्यावं ही अट आहे, सोळाच्या आत आणि सत्तरीनंतर समागम नको हे वयाचं भान आहे. सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण कोणतं, तर मनाला आनंद देणारी प्रिय स्त्री, असं चरक म्हणतो. अपत्य नसलेल्या पुरुषाला त्याने लावलेले बोल मात्र मला आज अजिबात मान्य नाहीत. त्या ओळींनी किती घरांत किती दुःख पोसलं असेल.

नपुंसकत्वाच्या कारणांकडे संहिता ज्या शांतपणे पाहतात, तो शांतपणा मोलाचा आहे. चरकाने बीजाचा दोष, लिंगाचा आघात वा रोग, म्हातारपण आणि शुक्रक्षय अशी चार कारणं दिली. सुश्रुताने सहा दिली आणि त्यांत पहिलं मानसिक: नावडता सहवास, मनाला लागलेली बोच. आज लैंगिक समुपदेशक सुरुवातीला हेच विचारतो.

हाच विषय भीतीचा झाला तो शुक्राच्या कल्पनेतून. रसापासून क्रमाने तयार होणारा सातवा धातू शुक्र. त्यावरून रक्ताच्या अमुक थेंबांचा एक थेंब ही लोकसमजूत रूढ झाली, आणि ‘धात जाते’ म्हणून खंगणारी, झोप उडालेली तरुण मुलं दवाखान्यात येऊ लागली. १९६०मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं; पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही त्याची नोंद झाली. झोपेत वीर्य जाणं हा रोग नाही, हस्तमैथुनाने पौरुष जात नाही, हे मराठीत छापून सांगणारा माणूस त्याआधीच होऊन गेला होता. र. धों. कर्वे यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली, आणि त्यासाठीच अश्लीलतेचा खटला अंगावर घेतला. १९३४मध्ये डॉ. आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. कर्व्यांना दंड झाला. ज्या प्रश्नांसाठी तो दंड झाला, तेच प्रश्न आज मुलं मोबाइलवर कुणा अनोळखी विक्रेत्याला विचारतात.

आयुर्वेदाने नवा रोग नाकारला नाही, याचाही दाखला याच क्षेत्रात मिळतो. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त फिरंग रोग येतो, म्हणजे फिरंग्यांबरोबर आलेला उपदंश. त्यावर पारा आणि चोपचिनी हे उपाय तिथे दिले आहेत. चोपचिनी चीनकडून आलेलं मूळ. त्याच काळात गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, जो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही औषधोपचार करत असे, त्याने १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात चोपचिनीवर एक सबंध संवाद लिहिला. रोग परका, औषध परकं, तरी भावमिश्राने दोन्हींना जागा दिली. आज उपदंशाला पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, आणि भावमिश्र असता तर त्याने ते वापरलं असतं असं मला मनापासून वाटतं.

औषधांच्या शुद्धतेबद्दल गप्प बसून चालणार नाही. वंगभस्म म्हणजे कथिलाचं, त्रिवंगात कथलाबरोबर शिसं आणि जस्तही. मूत्रविकार आणि शुक्रदोषांत ही भस्मं परंपरेने दिली जातात. २००४मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. वनस्पतीही निरुपद्रवी असतातच असं नाही. अश्वगंधेने शुक्राणूंची संख्या वाढल्याचं २०१३च्या ४६ पुरुषांवरच्या चाचणीत दिसलं, ही आशादायक सुरुवात आहे. पण तिच्यामुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि डेन्मार्कने २०२३मध्ये तिच्यावर बंदी घातली. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, म्हणजे कंपवाताचंच औषध. त्या गोळ्या चालू असतील तर ते बी परस्पर घेऊ नये. पांढऱ्या मुसळीची एक जात वनस्पतिशास्त्राने बोरिवलीच्या नावाने नोंदली आहे. जंगलातून ती ओरबाडली गेली आणि आता तिची शेती होते.

सर्वांत मोठा धोका आहे तो ‘जडीबुटी’च्या नावाखाली मिसळलेल्या सिल्डेनाफिलचा, म्हणजे व्हायग्रातल्या रसायनाचा. अशी उत्पादनं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडली आहेत. छातीत दुखलं की जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या माणसाने नकळत असं चूर्ण घेतलं, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. ‘तासाभरात असर’ दाखवणारं चूर्ण म्हणूनच संशयाचं. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९५४च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे, प्रोस्टेटचे विकारही त्याच्या परिशिष्टात आहेत. तरीही भिंती रंगतात, मोबाइलवर व्हिडिओ फिरतात.

ताठरतेची तक्रार नुसती शय्यागृहातली नसते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या आणि १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या ५२ टक्के पुरुषांत ती कमी-अधिक प्रमाणात आढळली. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी अरुंद होतात. काही वर्षांनी येऊ घातलेल्या हृदयविकाराची वर्दी ही तक्रार आधीच देते. मधुमेहातही तसंच. प्रमेहाचे वीस प्रकार सांगून मधुमेहाच्या लघवीला मुंग्या लागतात हे नोंदवणाऱ्या परंपरेने आजच्या रुग्णाला वाजीकरण देण्याआधी रक्तातली साखर मोजायला पाठवावं. चांगले वैद्य पाठवतात. जो पाठवत नाही, उलट ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं.

तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना, आणि त्यांच्या मुलांना व सुनांनाही, एक विनंती. वैद्याकडे जाताना ताजा लघवीचा आणि साखरेचा रिपोर्ट न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. डॉक्टरकडे जाताना घेत असलेले काढे, भस्मं लपवू नका. लघवीत एकदाही रक्त दिसलं, मग ते न दुखता आलेलं असो, किंवा लघवी पूर्ण अडली, किंवा तापाबरोबर जळजळ झाली, तर कोणताही घरगुती उपाय सुरू करण्याआधी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.