आमसुली शाई : निब, कागद आणि पावसाळी हवा

फ्रान्समधील बर्गंडी प्रांताच्या मद्यावरून ज्या रंगास ‘बर्गंडी’ हे नाव पडले, त्यास मराठीत नेमका असा एक प्रतिशब्द नाही. डाळिंबी म्हणावे तर तो अधिक उजळ, किरमिजी म्हणावे तर अधिक भडक, आणि जांभळा म्हणावे तर त्यात निळेपणा फार. पनवेलकडच्या वाचकास ‘आमसुली’ हा शब्द पुरेसा व्हावा. लुगड्यांच्या रंगांत तो रूढ आहे, आणि प्रस्तुत लेखात तोच योजिला आहे. तथापि या नामकरणात एक अडचण आहे. एकाच बाटलीतील शाई एका पेनातून गुलाबीसर उमटते, तर दुसऱ्यातून जवळजवळ काळी. मग हे नाव नेमके कोणत्या रंगास द्यावयाचे?

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे पुष्कळसे काम टिपणवहीत चालते, आणि देवनागरीत फार मोठा अर्थभार एका बिंदूवर असतो. ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांत एकवचन-अनेकवचनाचा भेद आहे. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘ज़रा’ म्हणजे थोडे. येथील तालव्य व दंत्य उच्चारांतील भेद टिपणात अक्षराखालच्या नुक्त्यानेच दाखविता येतो. पनवेल-उरण भागातील आगरी बोली टिपताना ‘डोळा’चा ‘डोला’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होते. ते अक्षर बदलून लिहिता येते. च आणि ज यांच्या छटांना मात्र नुक्त्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या श्रवणाची नोंद निळ्या-काळ्या शाईने आणि दुसऱ्या श्रवणाची दुरुस्ती तांबूस शाईने करावी, हा सोयीचा प्रघात आहे. अर्थात ही दुरुस्ती पसरली, तर ज्यासाठी ती केली तोच भेद नाहीसा होतो.

‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ काळेपणा असा आहे. म्हणजे ‘तांबडी शाई’ हा शब्दप्रयोग व्युत्पत्तीच्या दृष्टीने वदतोव्याघातच म्हणावा लागेल. परंतु भाषेने त्याची कधी क्षिती बाळगली नाही. जुन्या पोथ्यांत काळ्या मजकुराच्या जोडीला दंड आणि अध्यायसमाप्ती तांबड्याने लिहिलेली आढळते. त्यासाठी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे गंधकयुक्त संयुग, खलून डिंकाच्या पाण्यात मिसळीत. काळ्या शाईत काजळ असे. काजळ आणि हिंगूळ हे दोन्ही न विरघळणारे कण आहेत; ते कागदाच्या पृष्ठावर बसतात आणि बोरूतून सुखाने उतरतात. फाऊंटन पेनाच्या बारीक वाटेत मात्र हिंगुळासारखा जड कण अडकून बसेल. म्हणून पेनाच्या शाईत बहुधा विरघळणारे रंजक वापरतात. १८५६ साली पर्किनने अ‍ॅनिलीनपासून पहिला कृत्रिम रंग काढला, आणि पुढील काही दशकांत तांबड्या रंजकांची रेलचेल झाली. (पनवेलच्या शेजारी रसायनी येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कारखान्यात हेच अ‍ॅनिलीन पुढे कित्येक वर्षे तयार होत असे.) आपल्याकडे मुंबईच्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड व वड्या ‘घोडा छाप’ नावाने विकण्यास आरंभ केला; कॅम्लिनचा उगम तो.

आमसुली शाई सामान्यतः एका रंजकाची नसते. एक वा दोन तांबडी रंजके आणि त्यांत थोडे निळे किंवा जांभळे, असा तो मेळ असतो. पातळ थरात ही शाई गुलाबी दिसते आणि जाड थरात काळपट, याचे कारण केवळ फिकेपणा नव्हे. तांबडे रंजक हिरवा प्रकाश फार जोराने शोषते आणि निळा त्यापेक्षा कमी. पातळ थरातून थोडा निळा प्रकाश सुटून येतो व तांबड्यात मिसळून गुलाबी छटा देतो. थर वाढला की तोही शोषला जातो आणि गडद तांबडा तेवढा उरतो. म्हणून थराची जाडी बदलताच रंगाची जातच बदलते.

ही जाडी प्रथम पेन ठरविते. निबेच्या चिरेतून शाई केशाकर्षणाने उतरते, आणि निबेखालच्या खाचा असलेल्या पट्टीतून तितकीच हवा आत जाते. १८८४ साली वॉटरमनने पेटंट घेतले ते या देवघेवीच्या युक्तीचेच. चीर किंचित मोकळी असेल तर रेघ ओली व काळसर येते; आवळलेली असेल तर तीच शाई धुतलेल्या लुगड्यासारखी विटकी दिसते. एबोनाइटची पट्टी शाई चांगली धरते, प्लॅस्टिकची कमी. ड्रॉपरने शाई भरावयाच्या पेनांची गोष्ट निराळी. टाकीत शाई थोडी उरली की मोकळ्या जागेतील हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला पुढे लोटते. नेमका त्याच वेळी नुक्त्याचा डाग होतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ न देणे हा त्यावर साधा उपाय आहे. आठवडाभर पडून राहिलेल्या पेनातील पाणी काहीसे उडून जाते, त्यामुळे त्याच्या पहिल्या ओळी गडद उमटतात. अशा ओळींवरून शाईची परीक्षा करू नये.

पेनापेक्षाही अधिक सत्ता कागदाची. कागद म्हणजे तंतूंचे जाळे. त्यास खळ दिलेली नसेल तर प्रत्येक तंतू वातीसारखे काम करतो आणि रेघेला मिशा फुटतात. जुन्या हातकागदास पिठाची खळ देऊन दगडाने घोटीत. त्या घोटाईमुळेच दप्तरांतील मोडीची वळणे आजही स्वच्छ दिसतात. वर्तमानपत्री कागदास खळ जवळजवळ नसते, आणि स्वस्त वह्यांत ती तोकडी असते. उलट गुळगुळीत, भरपूर खळीच्या कागदावर आमसुली शाई वरच साचून वाळते. तेथे रेघेच्या शेवटी गडद थेंब दिसतो, आणि तिरप्या उजेडात त्यावर हिरवट-सोनेरी झाक येते. ती झाक देखणी खरी. परंतु अशी शाई वाळण्यास वेळ लागतो, आणि घाईत पान उलटले की समोरच्या पानावर तिचा ठसा उठतो.

येथे पनवेलची हवा मध्ये येते. आषाढ-श्रावणात हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणे हे येथे नेहमीचेच. कागद ती ओल शोषून घेतो, तंतू फुगतात आणि खळ सैल पडते. वैशाखात ज्या वहीवर नुक्ता टिंबासारखा राहतो, त्याच वहीवर पावसाळ्यात तो पसरून अक्षराच्या पायाला चिकटतो. शाईची एखादी जात वाईट ठरविण्यापूर्वी वही काही वेळ उबदार, कोरड्या जागी ठेवून पुन्हा लिहून पाहावे.

टिकाऊपणाची परीक्षा घरीही करता येते. टीपकागदाच्या पट्टीवर तळापासून बोटभर उंचीवर शाईचा ठिपका द्यावा, तो वाळू द्यावा आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवावे; ठिपका मात्र पाण्यावर राहिला पाहिजे. पाणी वर चढू लागले की रंजके आपापल्या गतीने सुटी होतात, आणि गुलाबी, जांभळे, निळसर असे पट्टे दिसू लागतात. मार्टिन व सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक ज्या पृथक्करणपद्धतीबद्दल मिळाले, तिचेच हे घरगुती रूप होय. जो पट्टा झपाट्याने वर पळतो, तोच भिजलेल्या वहीतून प्रथम वाहून जाणार. उजेडाची परीक्षा याहून कठोर. तांबड्या शाईत पुष्कळदा योजले जाणारे इओसीन प्रकाशात लवकर विटते, आणि आमसुली मेळातून ते गेले की मागे फिकट जांभळट छाया तेवढी उरते. एक कागद अर्धा झाकून महिनाभर खिडकीत ठेवल्यास हा फरक दिसून येतो.

लोहयुक्त निळ्या-काळ्या शाईनंतर त्याच पेनात आमसुली भरावयाची असल्यास पेन पाणी निवळेपर्यंत धुवावे. त्या शाईच्या आम्लाने इओसीनसारखे रंजक साकळते व वाट बुजते. आणि क्षेत्रकार्यात, निदान आश्विन लागेपर्यंत, आमसुली शाई समासातील शेऱ्यांपुरतीच ठेवावी. नुक्ता, अनुस्वार आणि आघाताची चिन्हे टोकदार पेन्सिलीने द्यावीत. शिशातील ग्रॅफाइट काजळाप्रमाणेच कार्बन आहे, ते पाण्याने पसरत नाही आणि उन्हाने विटतही नाही.