बटणाच्या टायरला काटा लागत नाही म्हणे!

धाराशिवात सायकलचा टायर घ्यायला जा, दुकानात पहिला सल्ला ठरलेला असतो: "बटणाचाच घ्या. आपल्याकडं काटे लई, गुळगुळीत टायर टिकायचा नाही." गिऱ्हाइकालाही पटतं. खोल नक्षीचा, ट्रॅक्टरच्या धाकट्या भावासारखा टायर नुसता बघूनच दणकट वाटतो. मग ती सायकल जन्मभर डांबरावर फिरते, रविवारी तुळजापूरला जाऊन येते, आणि पंक्चर व्हायची तेवढी होतच राहते.

काट्याचं गणित एकदा नीट बघू. बाभळीचा काटा सरळ, टणक आणि दोन इंचांपर्यंत सहज लांब. बटणाचं रबर जाड असतं, मान्य. पण दोन बटणांमधल्या खाचेचं काय? टायर सगळ्यांत पातळ तिथंच असतो. बटणावर आलेला काटा कदाचित अडेल. खाचेत आलेला थेट ट्यूब गाठतो. काटा अडवण्याचं खरं काम नक्षीखाली दडलेला पट्टा करतो. तो केव्लार किंवा नायलॉनच्या घट्ट विणीचा असतो, नाहीतर लवचिक रबराचा जाड थर असतो. श्वाल्बेच्या 'मॅरेथॉन प्लस'मध्ये हा थर ५ मिलिमीटरचा आहे. कॉन्टिनेन्टलच्या 'गेटरस्किन'मध्ये कापडी पट्टा आहे, बाजूंनाही कापडाचं संरक्षण आहे, आणि वरून हा टायर जवळपास गुळगुळीतच!

सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेनं चालवणाऱ्यांना काट्याहून वाईट एक गोष्ट भेटते. ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून सुटलेल्या केसासारख्या तारा. त्या कापडी विणीतूनही निसटतात. तिथं रबराचा जाड थरच बरा. वजन वाढतं, चढाला पाय भरतात, ती किंमत मोजायची. आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं मोडकं टोक बोटाला कळत नाही, कापूस मात्र तिथं अडकतो. हे न केल्यामुळं नवी ट्यूब अर्ध्या तासात बसते, आणि शिव्या खातो टायर.

बरं, डांबरावर झीज तरी कमी होते का? नाही. बटणाच्या टायरचे मोजकेच तुकडे रस्त्याला टेकतात, सगळा भार त्यांच्यावर. ते वाकतात, त्यांच्या कडा झिजतात. सायकल चालवताना जो घूं-घूं आवाज येतो, तो तुमच्या पायांच्या ताकदीतूनच येतो.

यावर शेवटचं अस्त्र निघतं: "पावसात घसरून पडाल!" हे ऐकून ऐकून कान किटलेत. मोटारीच्या टायरला खाचा लागतात, कारण रुंद टायर वेगात पाण्याच्या थरावर तरंगू शकतो. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवरून याचं सूत्र मांडलं: तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. ६० पीएसआय दाबाला तो ताशी १२० किलोमीटरच्या वर जातो. सायकलचा टायर तर अरुंद आणि गोल, पाणी आपोआप बाजूला सारणारा. तुळजापूरच्या घाटात उतारावर कुणी या वेगानं जात असेल, तर त्यानं टायरची नाही, स्वतःची काळजी करावी. साध्या गुळगुळीत रस्त्यावर नक्षीचा परिणाम अगदी किरकोळ असतो, असं टायर विकणारी श्वाल्बेही सांगते. चिखलात, शेतरस्त्यावर बटणं हवीतच. तिथं त्यांना तोड नाही.

फिक्स्ड गिअरवाल्यांचं, म्हणजे चाकाबरोबर पायडलही फिरतंच अशा सायकलवाल्यांचं, दुखणं वेगळं. मागचं चाक स्किड मारून थांबवायचं, आणि टायर एकाच जागी भोक पडेस्तोवर घासला की कंपनीला नावं ठेवायची. अहो, दोष दातांच्या हिशेबाचा आहे. पुढं ४८ आणि मागं १६ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक बरोबर तीन फेरे घेतं. एकच पाय पुढं ठेवून स्किड मारलात, तर दर वेळी टायरची तीच जागा रस्त्यावर येते. पुढची चकती ४७ दातांची केलीत, की झीज १६ जागांवर वाटली जाते. आणि पुढच्या चाकाला ब्रेक लावलात तर टायरही वाचेल, तुम्हीही.

बाकीचे समज थोडक्यात. उन्हात हवा फुगून टायर फुटतो, म्हणून हवा कमी ठेवावी? २५ अंशांना भरलेली ६० पीएसआय हवा ६५ अंशांना ७०च्या आसपास जाते. एवढं रोड टायर सहज सोसतो. कमी हवेनं मात्र खड्ड्यात ट्यूब रिमला चेमटते. दर इंचाला धाग्यांची संख्या जास्त तो टायर टणक? उलट, तो मऊ आणि हलका. दणकट टायर बहुधा ६०-६७ धाग्यांचे. नवा टायर मागं घालून घासलेला पुढं? कधीच नको, पुढचा फुटला तर सावरता येत नाही.

आणि "२८ म्हणजे २८" असं नसतं. जुन्या काळ्या सायकलच्या २८ इंची टायरचा आतला व्यास ६३५ मिलिमीटर, रोड सायकलच्या ७००-सीचा ६२२. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. दुकानात जाण्याआधी जुन्या टायरच्या कडेवरचा तीन आकडी नंबर मोबाइलमध्ये टिपून न्या.