मांडूची चिंच: चिंच नव्हे, खुरासानचीही नव्हे

धारहून मांडूला जाताना रस्त्याच्या कडेला टोपल्या दिसू लागतात. त्यांत लांबोडकी, मखमली लव असलेली, करड्या-हिरव्या सालीची फळे. ‘मांडू की इमली, ले लो साब.’ फळ फोडले की आत पांढुरका, कोरडा, खडूसारखा गर. जिभेवर ठेवला की आंबट विरघळतो आणि चढणीची तहान जरा निवते. गाडीतले कोणीतरी म्हणतेच, ‘घरी नेऊ, आमटीत टाकून बघू.’

आमटी आंबट होईलही, पण चिंचेशी या झाडाचे नाते चवीपुरतेच. चिंच शेंगा धरणाऱ्यांच्या कुळातली. हे झाड म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब, मराठीत गोरखचिंच, आणि त्याचे भाऊबंद कापूस, भेंडी, जास्वंद, सावर. पानेही सावरीसारखी, पंजाच्या बोटांसारखी पसरलेली. उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळच्या किंतूरला याच झाडाला पारिजात म्हणतात. अंगणातला प्राजक्त मनात धरून गेलेल्या माणसाला तिथे हत्तीच्या अंगासारखे खोड भेटते.

मांडूत त्याला खुरासानी इमलीही म्हणतात. खुरासान म्हणजे इराणचा ईशान्य भाग आणि त्यापलीकडचा मुलूख. तिथला हिवाळा बाओबाबला सोसणार नाही, त्याची रोपे गोठलेल्या दवानेही जळतात. पण दूरदेशीच्या वस्तूला खुरासानची म्हणायची आपली रीत जुनीच आहे. कारळ्याला आपण खुरासणी म्हणतो, आणि तो मूळचा इथिओपियाचा. दोघेही आफ्रिकेचे आणि दोघांनाही पत्ता चुकीचा चिकटलेला.

मग हे झाड आणले कोणी? मांडूत सांगतात, इजिप्तच्या खलिफाने माळव्याच्या सुलतानाला भेट दिले. १४६६ साली कैरोच्या खलिफाचा दूत महमूद खिलजीकडे आला होता हे खरे. त्याच्यासोबत बियाही आल्या, ही मात्र आख्यायिका. भारतातल्या बाओबाबांच्या जनुकीय अभ्यासात त्यांचे नाते आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांशी जुळले, म्हणजे ही एका जहाजाची, एका नजराण्याची गोष्ट नव्हे. अरब व्यापारी आले, हबशी सैनिक आले. महमूदाचा मुलगा गियासुद्दीन याच्या पहाऱ्यावर हबशी स्त्रिया असत, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. विजापूर, गोवळकोंडा, वसईचा किल्ला अशा ठिकाणीही हे झाड भेटते. किल्ले आणि बंदरे, म्हणजे माणसांच्या वाटा.

‘परदेशी झाड, म्हणजे रान गिळणार’ हा समज अलीकडचा, आणि तो निराधार नाही. घाणेरीने मध्य भारतातल्या जंगलांचे काय केले ते आपण पाहतो. प्राण्यांतही तसेच: नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो १९२०च्या दशकात फ्लोरिडात माणसाच्या हातून सुटला आणि काही दशकांत तिथली राने, बागा, हिरवळी उकरू लागला. पण परका आणि आक्रमक हे दोन वेगळे शब्द आहेत. गोरखचिंच पाचेकशे वर्षे माळव्यात आहे आणि तिची गर्दी अजूनही मुख्यतः मांडूच्या आसपासच. कारण तिच्या बीत आहे. बीचे कवच इतके टणक की नुसते मातीत पडून ते सहसा रुजत नाही. आफ्रिकेत हत्ती आणि बबून फळे खातात, बी त्यांच्या पोटातून मऊ होऊन लांब जाऊन पडते. मांडूच्या डोंगरावर रानहत्ती नाहीत. इथे गर चोखून बी थुंकणारा माणूसच तिचा मुख्य वाहक, आणि रुजलेले कोवळे रोप शेळ्या-गुरांच्या तोंडातून वाचले तर वाचले.

जागा मात्र तिला मानवली आहे. कडक उन्हाळा, चार महिन्यांचा पाऊस, पाणी न साठणारी उताराची जमीन. पावसाळ्यात खोडातले भुसभुशीत लाकूड पाणी पिऊन घेते आणि वर्षाचा मोठा भाग झाड निष्पर्ण उभे राहते. हिवाळ्यात गेलेल्यांना ते वाळलेले वाटते. साल जराशी खरवडली तर खाली हिरवी असते, पण कृपा करून खरवडू नका. पांढरी लोंबती फुले संध्याकाळी उमलतात, वटवाघळे येतात, सकाळी ती कोमेजतात.

वयाच्या बाबतीत गाइड मंडळी फार उदार असतात. त्यांना तरी का हसावे? मिशेल आदाँसाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून लिनियसने या झाडाचे नाव ठेवले, आणि त्या आदाँसाँनेच अठराव्या शतकात काही झाडांचे वय पाच हजारांवर नेले होते. खोडाच्या घेरावरून वय काढता येत नाही. अनेक खोडे एकमेकांना चिकटून एकच भासतात, आत पोकळी असते, वर्तुळेही भरवशाची नसतात. किरणोत्सारी कार्बनने तपासलेल्यांत झिम्बाब्वेचे ‘पांके’ सुमारे २४५० वर्षांचे निघाले, प्रयागराजजवळच्या झुंसीचे साडेसातशेच्या आसपास. मांडूच्या झाडाला कोणी हजारो वर्षांचे म्हटले तर ऐकावे, मान डोलवावी आणि सुलतानांचा काळ आठवावा.

काही वर्षांपूर्वी धार जिल्ह्यातली मोठी झाडे मुळांसकट उपटून हैदराबादकडे नेली जाऊ लागली. गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. ‘झाड तेच, फक्त जागा बदलली’ असे समर्थन अशा वेळी होते. वटवाघळांना ते पटणार नाही, आणि टोपली घेऊन बसणाऱ्या बाईलाही नाही. रोपच हवे असेल तर बी कानशीने घासावे, रात्रभर पाण्यात ठेवावे आणि उन्हाळ्यात लावावे. फळांसाठी मात्र पुढची कित्येक वर्षे थांबावे लागेल.