अजिंक्यपदाच्या आदल्या दिवशी : खेळाडूच्या स्फूर्तीविषयी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंदूरच्या पलासिया वस्तीजवळच्या ज्या मैदानाला आज होळकर स्टेडियम म्हणतात, ते 2010 पर्यंत महाराणी उषाराजे ट्रस्टचे क्रिकेट मैदान म्हणून ओळखले जात असे. नाव अलीकडचे असले, तरी ज्या परंपरेचे ते स्मरण करून देते ती संस्थानी अमदानीतली आहे. कारण होळकर संस्थानाच्या संघाने 1941-42 पासून 1954-55 पर्यंत दहा वेळा रणजी करंडकाचा अंतिम सामना गाठला आणि त्यांपैकी चार वेळा करंडक जिंकला. अजिंक्यपदाच्या सामन्यापूर्वी खेळाडूने स्फूर्ती कोठून घ्यावी, या प्रश्नाला उपदेशपर उत्तरे देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. परंतु या एका शहराच्या क्रीडादप्तरातील दाखले जरी तपासून पाहिले, तरी त्यांतली पुष्कळशी उत्तरे पुराव्याअभावी खारीज करावी लागतात.

गैरसमज : आदल्या रात्रीच्या जोरकस भाषणाने संघ पेटून उठतो.

वस्तुस्थिती : भाषणाने अंगावर रोमांच उभे राहतात हे खरे, पण पाच दिवस चालणाऱ्या सामन्यात ते रोमांच पहिल्या तासापलीकडे क्वचितच टिकतात. मध्य प्रदेशाने 26 जून 2022 रोजी बंगळुरूत मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि आपला पहिला रणजी करंडक मिळवला, तेव्हा त्या यशाचे मूळ प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या एखाद्या रात्रीच्या वक्तृत्वात नव्हते, तर 2020 मध्ये सूत्रे हाती घेतल्यापासून त्यांनी कसोशीने अंमलात आणलेल्या शिस्तीत होते. मुंबईच्या 374 धावांना उत्तर देताना या संघाने 536 धावा केल्या आणि त्यांत यश दुबे, शुभम शर्मा व इंदूरचाच रजत पाटीदार या तिघांनी शतके झळकावली. इतका दीर्घ धीर एका रात्रीत कोणाच्या अंगी उतरत नाही.

गैरसमज : छातीत धडधड होणे म्हणजे मन कच्चे असणे.

वस्तुस्थिती : मोठ्या प्रसंगापूर्वी शरीरात अॅड्रेनॅलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, तळहातांना घाम सुटतो आणि स्नायूंकडे अधिक रक्त धावू लागते, ही सारी शरीराने स्वतःहून केलेली सिद्धता होय. अतिरेक झाला तर ती बाधक ठरते, हे निर्विवाद; परंतु तिचा सर्वथा अभाव असणे हेही शैथिल्याचेच लक्षण मानावे लागेल. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधिका अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की गाणे, भाषण किंवा गणिताची परीक्षा यांपूर्वी ज्यांनी स्वतःला शांत होण्याचा हुकूम फर्मावला त्यांच्यापेक्षा, ‘मी उत्सुक आहे’ असे स्वतःला सांगणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. तात्पर्य, धडधड दडपण्यात शक्ती खर्च करण्याऐवजी तिला उत्सुकता मानून कामाला लावणे अधिक श्रेयस्कर.

गैरसमज : जुना पराभव आठवणे अशुभ, तो विसरल्याखेरीज जिंकता येत नाही.

वस्तुस्थिती : 1944-45 च्या अंतिम सामन्यात होळकर संघाला मुंबईने 374 धावांनी पराभूत केले. विजयासाठी 867 धावांचे अशक्यप्राय लक्ष्य समोर असताना होळकर संघ 492 पर्यंत पोहोचला आणि त्यांत डेनिस कॉम्प्टन या इंग्रज फलंदाजाच्या नाबाद 249 धावा होत्या. त्या पराभवाने खचून न जाता पुढच्याच मोसमात या संघाने इंदुरात बडोद्याला हरवून करंडक आणला. पंडित यांची कथा तर याहून बोलकी आहे. 1999 मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर झालेल्या रणजीच्या अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. पहिल्या डावात 75 धावांची आघाडी घेऊनही त्यांचा संघ कर्नाटकाकडून 96 धावांनी हरला, आणि तेवीस वर्षांनी प्रशिक्षक या नात्याने त्यांनी ती उणीव त्याच भूमीवर भरून काढली. पराभवाची खंत उगाळीत बसणे निराळे आणि त्याचा हिशेब तपासून चूक हुडकणे निराळे. पहिल्याने मन शिणते, दुसऱ्याने पुढच्या सरावाची दिशा ठरते.

गैरसमज : करंडक हाती आल्याचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले, की बळ येते.

वस्तुस्थिती : केवळ फलप्राप्तीची रम्य कल्पना करीत राहिल्याने उत्साह वाढण्याऐवजी मंदावतो, असे हीदर कॅपेस व गॅब्रिएल ओटिंगन यांनी 2011 मध्ये प्रयोगांनी दाखवले. याउलट, प्रत्यक्ष कृतीची मनोमन उजळणी करणे लाभदायक असते, मग ती धाव घेण्याची असो, चेंडू सोडण्याची असो वा पहिल्या पकडीची. मात्र मैदानावरील तालमीची जागा ती घेऊ शकत नाही. याच होळकर स्टेडियमवर विदर्भ आणि दिल्ली यांच्यात रंगलेल्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी मिळवले. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती केवळ दुसरीच हॅटट्रिक होती. तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत झाले, म्हणजे गोलंदाजाचा रोख तिन्ही वेळा करंडकावर नसून यष्टींवर होता, असेच म्हणावे लागेल.

गैरसमज : स्फूर्तीला थोर परंपरा हवी आणि तारुण्य हवे.

वस्तुस्थिती : दिल्लीविरुद्धचा तो सामना विदर्भाचा रणजीतला पहिलाच अंतिम सामना होता. पाठीशी करंडकांची परंपरा नसताना, फैझ फझलच्या नेतृत्वाखाली आणि पंडित यांच्याच मार्गदर्शनाखाली, 1 जानेवारी 2018 रोजी त्या संघाने नऊ गडी राखून विजय मिळवला. तारुण्याविषयी म्हणाल, तर होळकरांच्या लष्करात हुद्दा असलेले कर्नल सी. के. नायडू यांनी बडोद्याविरुद्धच्या उपरोक्त अंतिम सामन्यात 200 धावा काढल्या तेव्हा त्यांच्या वयाची पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.

गैरसमज : आदल्या रात्री झोप लागली नाही, म्हणजे सामना हातचा गेला.

वस्तुस्थिती : मोठ्या स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप चाळवणे हा असंख्य कसलेल्या खेळाडूंचा अनुभव आहे. एका रात्रीच्या जागरणापेक्षा त्यापूर्वीच्या आठवड्यातील विश्रांतीला अधिक महत्त्व असते; म्हणून घड्याळाकडे पाहत चिंता वाढवण्यात काही हशील नाही.

या सर्व दाखल्यांचा निष्कर्ष एकच निघतो : स्फूर्ती ही कामाच्या आधी बाहेरून मिळणारी देणगी नसून चालू कामातून उत्पन्न होणारी वृत्ती आहे, आणि जो नेहमीचा सराव नेहमीच्या निष्ठेने करतो त्याला तिचा शोध घेत हिंडावे लागत नाही. म्हणून खेळाडूच्या पालकांना व प्रशिक्षकांना एवढीच विनंती, की स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवा उपदेश, नवा आहार आणि नवे बूट या तिन्हींपासून त्याला दूर ठेवावे आणि त्याचा नित्यक्रम त्याच्या स्वाधीन करावा.